सोसणें आणि ओळखणें

मनुष्य आपल्या अडचणींस किती लवकर सरावतो हें पाहावयाचें असल्यास थोरामोठ्यांचीं चरित्रें उघडण्याचें कारण नाहीं. एका हातांतून दुसऱ्या हातांत आलेली एखादी जुनी मोटारसायकल त्यास पुरेशी आहे. तिच्या हँडलाच्या डाव्या बाजूस क्लचची दांडी असते. ती बोटांनीं मुठीकडे ओढली म्हणजे इंजिनाचा आणि चाकाचा संबंध तेवढ्यापुरता सुटतो आणि गिअर बदलतां येतो. शहरांतील गर्दींतून गाडी नेणारा मनुष्य ही क्रिया दिवसांतून कितीदां करतो याची गणती तो स्वतःहि ठेवीत नाहीं. नव्या गाडीची दांडी सहज ओढली जाते. तीच गाडी आठ-दहा वर्षें पावसांत भिजली, धुळींत फिरली, म्हणजे दांडी जड होत जाते, आणि कित्येकदां ती इतकी जड होते कीं, नवख्याचें मनगट दहा मिनिटांत भरून येतें. परंतु जो मालक तिजवर रोज बसतो त्यास विचारा. तो म्हणेल, "जड? छे! क्लच असाच असावयाचा."

या उत्तरांत लबाडी असतेच असें नाहीं. तो मालक बहुधा त्याला जें खरें वाटतें तेंच सांगत असतो. दांडी एका दिवसांत जड झालेली नसते. ती रोज केसभर जड होत गेली, आणि त्याचा पंजाहि रोज केसभर बळकट होत गेला. अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानें १८३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत वजनें उचलण्याच्या प्रयोगांवरून असें दाखविलें आहे कीं, दोन वजनांतील फरक हाताला कळावयाचा तर तो मूळ वजनाच्या कांहीं एका प्रमाणांत तरी असावा लागतो; त्याहून लहान फरक हाताला कळत नाहीं. त्या प्रयोगांत दोन वजनें एकामागून एक हातांत येत, म्हणून तुलना तरी होऊं शके. येथें कालची दांडी आज ओढून पाहतां येत नाहीं. त्यामुळें जो फरक त्या मालकाच्या हाताखालीं, त्याच्या डोळ्यांसमोर घडला, तो त्यालाच ठाऊक नसतो. आणि जो तिऱ्हाईत गाडीवर पहिल्यानेंच बसतो त्याला तो एका क्षणांत कळतो.

आतां प्रश्न असा कीं, त्या मालकाच्या अंगीं जें सोसणें आलें आहे त्यास गुण म्हणावें कीं दोष? सद्गुण सवयीनें अंगीं बाणतात असें ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत प्रतिपादिलें आहे, आणि तें खरें आहे. पण सवयीचा दुसराहि एक धर्म आहे. ज्या सवयीनें शूराचें भय जातें, त्याच सवयीनें आळशाची लाजहि जाते. सवय ही बधिर करणारी वस्तु आहे. ती काय बधिर करीत आहे हें पाहिल्यावांचून तिची स्तुति करणें धोक्याचें आहे.

आपल्या परंपरेंत तर सोसण्याला फारच मानाचें स्थान आहे. वेदान्तानें साधकास शम, दम, उपरति, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी जी षट्संपत्ति सांगितली आहे, तींत तितिक्षा ही एक होय. शंकराचार्यांच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या 'विवेकचूडामणि' या ग्रंथांत तिचें जें लक्षण दिलें आहे त्याचें तात्पर्य असें कीं, प्रतिकाराच्या मागें न लागतां, चिंता व विलाप न करतां सर्व दुःखें सोसणें ही तितिक्षा. आमचा हा गाडीमालक चिंता करीत नाहीं, विलाप करीत नाहीं, आणि प्रतिकार तर मुळींच करीत नाहीं. मग तो तितिक्षु झाला काय? असें म्हणतांच आपणांस हसूं येतें. परंतु तें कां येतें हें सांगणें तितकें सोपें नाहीं. मला वाटतें, त्याचें कारण हें कीं, तितिक्षु पुरुषास दुःख हें दुःख म्हणून जाणवत असतें. तें जाणवत असूनहि तो डळमळत नाहीं, यांत त्याचें मोठेपण. जें जाणवतच नाहीं तें सोसलें असें कसें म्हणावें? बधिर झालेल्या हातानें निखारा धरला तर त्यास कोणी तप म्हणत नाहीं.

हा विचार केवळ शब्दांचा खेळ वाटूं नये म्हणून एका प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळतों. आमच्या महाविद्यालयांतील एका विद्यार्थ्यानें मध्यंतरीं अशीच एक जुनी मोटारसायकल विकत घेतली. क्लच फार जड लागतो अशी त्याची तक्रार होती; आणि अशा प्रसंगीं नेहमीं घडतें त्याप्रमाणें सल्ला देणारे तिघे त्याला ताबडतोब भेटले. पहिला म्हणाला, "सवय होईल." १९५५ पासून मद्रासेंत जिची बांधणी होऊं लागली त्या बुलेटचा दाखला देऊन, जड क्लच हें भारदस्त गाडीचें भूषणच आहे, असेंहि त्यानें सुनावलें. दुसरा म्हणाला, "वायर थोडी ढिली सोड." तिसरा म्हणाला, "आंतल्या स्प्रिंगा काढ आणि नरम घाल." सोसा, सैल सोडा, नरम करा: जगांतील बहुतेक अडचणींवर बहुतेक लोक जे उपाय सांगतात त्यांची यादी या तिघांनीं मिळून जवळजवळ पुरी केली.

या तिन्ही उपायांचें मोल कळावें म्हणून क्लच म्हणजे काय हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंजिनाच्या एका बाजूस, पेल्यासारख्या एका घरांत, चकत्यांची चवड असते. एक चकती इंजिनाबरोबर फिरणारी, तिच्या लगतची चाकाकडे बल नेणारी, अशी त्यांची मांडणी एकाआड एक असते. मजबूत स्प्रिंगा ही चवड सदैव आवळून धरतात, म्हणूनच चकत्या एकमेकींवर घसरत नाहींत आणि इंजिनाचें बल चाकापर्यंत पोंचतें. दांडी ओढणें म्हणजे या स्प्रिंगांच्या विरुद्ध जोर लावून ती चवड क्षणभर सैल करणें. हाताचा जोर तेथवर नेण्याचें काम केबल करते. धातूच्या वेटोळ्यांची एक लवचिक नळी, आणि तिच्या आंतून सरकणारी, बारीक पोलादी तारांच्या पिळाची एक दोरी, एवढीच तिची रचना. अर्नेस्ट बाउडेन यांनीं १८९६ सालीं इंग्लंडांत या युक्तीचें पेटंट घेतलें. वांकड्या वाटेनें सरळ ओढ पोंचविणारी ती युक्ति आजहि असंख्य गाड्यांवर जशीच्या तशी आहे.

आतां वायर ढिली सोडली तर काय होतें पाहा. दांडीचा पहिला टप्पा रिकामाच जातो, म्हणून ती हलकी झाल्याचा भास होतो. पण चकत्या पुरत्या सुटत नाहींत. गिअर खडखडून पडतो, सिग्नलपाशीं न्यूट्रल सांपडत नाहीं, आणि दांडी दाबलेली असतांहि गाडी पुढें सरकूं पाहते. दांडीच्या टोकाशीं थोडा मोकळेपणा असावा लागतो हें खरें, आणि कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत तो १० ते २० मिलिमीटर सांगितलेला असतो. परंतु तो जडपणावरील औषध नव्हे. स्प्रिंगा नरम घातल्या तर दांडी खरोखरच हलकी होते. मात्र कात्रजच्या घाटांत मागें माणूस बसवून चढतांना इंजिन ओरडतें आणि गाडी रेंगाळते, कारण आवळून धरणारें बल कमी पडल्यामुळें चकत्या घसरूं व जळूं लागतात. आणि नुसतें सोसावयाचें म्हटलें, तर केबलच्या तारा आंतल्या आंत एकेक करून तुटत राहतात. तुटलेल्या तारेचें टोंक नळीला घासून दांडी आणखी जड करतें. आणि एके दिवशीं भर चौकांत दोरी तुटून हातांत नुसती दांडी राहते. जडपणा हा त्या तुटणाऱ्या तारांनीं धाडलेला निरोप होता. बळकट पंज्यानें तो ऐकूंच दिला नाहीं.

चौथा मनुष्य म्हणजे आमच्या भागांतील एक वयस्क मिस्त्री. त्यानें कोणताच सल्ला दिला नाहीं. त्यानें दांडी सावकाश ओढली आणि तितकीच सावकाश सोडली. ती उसळून परत जाण्याऐवजीं मागें रेंगाळली, एवढें त्यानें पाहिलें. मग हँडल एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे वळवून पुन्हां तेंच केलें. एका बाजूस जडपणा वाढला. मग त्यानें केबलचें खालचें टोंक इंजिनावरून सोडविलें आणि दांडी ओढली. आतां तिच्यावर स्प्रिंगांचा भार मुळींच नव्हता, तरी ती जडच. त्यानें वरचें टोंकहि सोडविलें. आतां दांडी आपल्या खिळ्यावर मोकळी फिरली. "आधीं हाताजवळ बघायचं, मग इंजिनाकडं जायचं," एवढेंच तो त्या मुलाला म्हणाला. दोष केबलमध्यें होता. पूर्वीच्या कोणा मालकानें मूळचें हँडल काढून अधिक उंच हँडल बसविलें होतें. जुनी केबल त्याला पुरेना, म्हणून ती टाकीजवळून आखूड वाटेनें, तीव्र वळण देऊन ताणून नेली होती. त्या वळणावर वरचें वेष्टन चिरलें, पाणी आंत गेलें, गंज चढला, आणि कांहीं तारा तुटल्याहि होत्या. मिस्त्रीनें पुरेशा लांबीची केबल मोठ्या वळणानें नेली, खिळ्याला ग्रीस लावलें, आणि काम संपविलें. स्प्रिंगांना त्यानें हातहि लावला नाहीं. त्या निर्दोष होत्या. नुसती जुन्या मापाची नवी केबल जुन्याच वाटेनें घातली असती, तर थोड्या दिवसांनीं तीहि गंजली असती.

आमच्या तर्कशास्त्रांत ज्यास अन्वयव्यतिरेक म्हणतात, आणि मिल्लनें १८४३ सालच्या आपल्या ग्रंथांत जी व्यतिरेकाची पद्धति सविस्तर मांडली, तीच ही होय: एकेक कारण बाजूस काढावें आणि कार्य उरतें कीं जातें तें पाहावें. परंतु मला येथें तर्कशास्त्रापेक्षां नीतिशास्त्र अधिक दिसतें. विद्यार्थ्याच्या मनांत पहिला प्रश्न आला होता तो "हा दोष कोणाचा?" हा. विकणाऱ्यानें फसविलें काय, पूर्वीचा मालक निष्काळजी होता काय, या विचारांत त्याचे दोन दिवस गेले. मिस्त्रीचा प्रश्न होता, "हा दोष कोठें?" पहिल्या प्रश्नानें राग वाढतो आणि कांहीं कळल्याचें समाधान मात्र फुकट मिळतें, दुसऱ्या प्रश्नानें हात कामाला लागतात. न्यायनिवाड्याच्या प्रसंगीं पहिला प्रश्नहि विचारावा लागतो, हें मी नाकारीत नाहीं. परंतु तो दुसऱ्याच्या नंतर विचारला तरच न्याय होण्याची आशा असते.

आतां मुख्य मुद्दा. दांडी ओढतांना हाताला जो विरोध जाणवतो तो दिसावयास एक असला तरी वस्तुतः दोन आहेत: एक स्प्रिंगचा, दुसरा घर्षणाचा. ओढतांना दोन्ही सारखेच भासतात. भेद कळतो तो सोडतांना. स्प्रिंग घेतलेला जोर परत देते. ती हाताला मागें ढकलते. घर्षण जातांनाहि अडवतें आणि येतांनाहि अडवतें. घेतलेलें तें कांहींच परत करीत नाहीं. स्प्रिंगचा विरोध हा यंत्राच्या कार्याचाच भाग आहे. तो नसेल तर गाडी चालणारच नाहीं. गंजाचा विरोध कोणाच्याच कामाचा नाहीं. म्हणून कोणत्याहि अडचणीविषयीं "ही किती जड आहे?" या प्रश्नाच्या आधीं "हिच्यांत स्प्रिंग किती आणि गंज किती?" हा प्रश्न विचारला पाहिजे.

येथें यंत्रशास्त्र आणखी एक गोष्ट शिकवितें, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. गंज हा स्प्रिंगच्या भारांत नुसती भर घालीत नाहीं. तो तिला गुणतो. वळणावरून जाणाऱ्या दोरीच्या घर्षणाचें जें सूत्र ऑयलर या अठराव्या शतकांतील गणितज्ञाच्या नांवानें ओळखलें जातें, त्याप्रमाणें हिशेब करून पाहा. समजा, केबलच्या खालच्या टोंकाशीं स्प्रिंगची ओढ १० किलोग्रॅम आहे आणि वाटेंतील सर्व वळणांचा एकूण कोन १८० अंश आहे. घर्षणाचा गुणांक ०.१ असेल तर वरच्या टोंकाशीं सुमारें १३.७ किलोग्रॅम ओढ लावावी लागेल. गंजामुळें तो गुणांक ०.२ झाला तर १८.७, आणि ०.३ झाला तर २५.७. स्प्रिंग तीच, १० किलोग्रॅमचीच, पण हात म्हणतो, "स्प्रिंग फार कडक आहे." उलट, दांडी परत जातांना १० पैकीं हाताला जाणवतात ते पहिल्या स्थितींत ७.३ आणि तिसऱ्या स्थितींत अवघे ३.९. आणि गुणांक ०.१ च ठेवून वळणें मात्र दुप्पट केलीं, तरीहि ओढ १८.७ होते, वांकडी वाट ही गंजाइतकीच महाग पडते.

मनुष्यांच्या व्यवहारांत हेंच घडतें. जेथें कर्तव्याचा भार मोठा असतो तेथेंच गंज सर्वांत जास्त बोंचतो, आणि म्हणून तेथेंच लोक कर्तव्याला दोष देऊं लागतात. माझ्या स्वतःच्या व्यवसायाचेंच उदाहरण घेतों. अभ्यास जड आहे असें विद्यार्थी म्हणतात. त्या जडपणांत स्प्रिंग आहेच: व्याकरण, गणित, मूळ ग्रंथ वाचून अर्थ लावणें, यांचा ताण घेतल्यावांचून बुद्धीला बळ येत नाहीं, आणि तो ताण घेतलेलें सर्व परत देतो. पण त्यांत गंजहि पुष्कळ आहे. पाठ्यपुस्तकाची दुर्बोध भाषा, विद्यार्थ्याला वेळ असतो तेव्हांच बंद असणारें ग्रंथालय, एका दाखल्यासाठीं तीन खिडक्यांपुढें उभें राहणें, हा सर्व गंज आणि हीं सर्व वांकडीं वळणें. तीं दूर करण्यास श्रम पडतात. म्हणून आम्ही सोपें तें करतों, स्प्रिंगा नरम घालतों. दोन प्रकरणें गाळतों, उत्तीर्ण होण्याचे गुण खालीं आणतों. दांडी हलकी होते, सर्वांस बरें वाटतें. आणि पुढें आयुष्याच्या पहिल्या चढणीवर पदवीधराचें इंजिन ओरडतें व चाक फिरत नाहीं. उलट पक्षीं, "आम्ही नाहीं का या सगळ्यांतून शिकलों?" असें म्हणून गंजालाच तपश्चर्या समजणारे अध्यापकहि आमच्यांत आहेत. नरम करणारा आणि सोसावयास सांगणारा हे एकमेकांचे विरोधक समजले जातात. माझ्या मतें ते सख्खे भाऊ आहेत. कारण केबल सोडवून पाहण्याचे कष्ट दोघांनाहि नको असतात.

येथें एक आक्षेप संभवतो. प्रत्येकजण आपल्या अडचणीस गंजच म्हणेल; आळशाला सर्व अभ्यास गंजच वाटेल. हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच केवळ वाटण्यावर निर्णय सोंपवूं नये. मिस्त्रीनें भार काढून पाहिला व जडपणा उरला, तेव्हां तो दोष ठरविला. तीच कसोटी येथें लावावी: जो हेतु साधावयाचा तो क्षणभर बाजूस ठेवला असतांहि जो त्रास उरतो तो गंज, हेतूबरोबर जो जातो तो स्प्रिंग. खिडकीपुढील रांग शिक्षणाचा हेतु काढून घेतला तरी तशीच उरते. व्याकरणाचा ताण उरत नाहीं. शिवाय स्प्रिंगचा भारहि पवित्र मानून बसण्याचें कारण नाहीं. आजच्या कित्येक गाड्यांच्या क्लचमध्यें इंजिनाचें बल चाकाकडे जातांजातांच उतरत्या कांगोऱ्यांच्या योगानें चकत्या अधिक आवळतें, म्हणून मुळांत नरम स्प्रिंगा पुरतात आणि दांडी हलकी राहते. हा भार कमी करण्याचा प्रामाणिक मार्ग होय. त्यांत काम कमी केलेलें नाहीं. तें दुसऱ्या रीतीनें पुरें केलेलें आहे.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. माझा हात बळकट असेल आणि मला जड दांडीचें कांहीं वाटत नसेल, तर दुसऱ्यास त्याची उठाठेव कां? उत्तर असें कीं, दांडीवर हात माझ्या एकट्याचाच पडत नाहीं. त्याच गाडीवर धाकटी बहीण बसूं पाहते आणि "तुला जमणार नाहीं" असें ऐकून उतरते. वस्तुतः जमत नसते ती गंजलेली केबल. ती गाडी उद्यां दुसरा कोणी विकत घेतो. दोरी चौकांत तुटते तेव्हां समोरून एखादा म्हातारा रस्ता ओलांडीत असतो. बळकटाच्या सोसण्याची किंमत पुष्कळदां दुर्बळ देतो, आणि त्याला कोणी विचारलेलें नसतें. समाजांतील कितीतरी दारें, पायऱ्या, नियम आणि रिवाज अशाच बळकट पंज्यांच्या मापानें जड राहिले आहेत. ज्यांना ते ओढतां येतात त्यांना ते जड आहेत हेंच ठाऊक नाहीं. म्हणून नवख्याची तक्रार, मग तो नवा विद्यार्थी असो, नवी सून असो कीं नवा कारकून असो, निदान एकदां तरी लक्ष देऊन ऐकली पाहिजे. त्याचें निदान चुकेल. पण त्याच्या हाताला जें जाणवलें तें आपल्या हाताला आतां जाणवणें शक्य नाहीं.

मग तितिक्षेला स्थान उरलें नाहीं काय? उरलें आहे, आणि तें पूर्वीपेक्षां अधिक मानाचें. शोध घेऊन पाहिल्यावर असें निष्पन्न होईल कीं कांहीं भार स्प्रिंगचा आहे, तो घेतलाच पाहिजे. आणि कांहीं गंज असा आहे कीं तो आपल्या हयातींत निघणार नाहीं. वार्धक्य, वियोग, झिजून गेलेला आणि आतां कोठेंहि न मिळणारा एखादा भाग, यांपुढें विलाप करून उपयोग नाहीं. तेथें सोसणें हाच पुरुषार्थ. परंतु तें सोसणें शोधाच्या नंतरचें असलें पाहिजे. ज्यानें केबल सोडवून पाहिली नाहीं त्यानें आपल्या सहनशीलतेचा अभिमान बाळगूं नये. तो सोसतो आहे कीं नुसता सरावला आहे, हें अजून त्याचें त्यालाहि कळलेलें नाहीं.